‘उपाय’ नावाचा रकाना

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका शिक्षिकाबाईंनी विचारलं होतं, “सर, मुलांना पर्यावरणाचे प्रश्न सोडवायला शिकवायचं कसं?” वेळ संपत आली होती, म्हणून “पुढच्या वेळी बोलू” असं सांगून आम्ही सुटका करून घेतली. ते देणं आज फेडायचं आहे. सुरुवातीलाच कबूल करतो, बाईंच्या वाक्यातल्या ‘सोडवायला’ या शब्दापाशी आमचं घोडं अडतं.

गणित सोडवतात, शब्दकोडं सोडवतात, दोऱ्याची गाठ सोडवतात. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. सुटलं की सुटलं, आणि सुटलंय हे पाहणाऱ्या कुणालाही कळतं. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेलं असतं. मुळा-मुठेचं उत्तर कुठल्या पुस्तकाच्या शेवटी छापलंय? तरीही आपण दोन्हींना एकच क्रियापद लावतो, आणि मग शिकवतोही एकाच पद्धतीनं. आजचं बोलणं त्या पद्धतीवरची टीका आहे. तिच्यात आमचाही वाटा आहे, तो मध्ये येईलच.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचं मूल आहे किंवा होतं, त्यांनी पर्यावरणाची प्रकल्पवही पाहिली असणार. हल्ली विषयाचं नाव ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असं आहे. वहीचा साचा ठरलेला. प्रस्तावना, उद्दिष्टं, माहितीचं संकलन, कारणं, परिणाम, उपाय, निष्कर्ष. मुखपृष्ठावर डोळ्यांतून पाणी गाळणारी पृथ्वी. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पही मिळतो, त्यावर आपलं नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा घालायचा. यावर हसणं सोपं आहे. पण पोरं बिचारी जे मागितलं ते देतात. साचाच जर असा असेल की डोंगरीला आणि डोंबिवलीला एकच वही चालते, तर ती विकत घेणारा मुलगा आळशी म्हणावा की चलाख?

हा साचा आला कुठून, ते थोडं पाहू. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला की पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचं करावं. बारा वर्षं फारसं काही हललं नाही. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा कान पिळले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. कला असो, वाणिज्य असो, सर्वांना एकच. आठ घटक, पन्नास तासिका, शंभर गुण. त्यांतले पंचवीस गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराच भरुचांनी लिहिलं. भरुचा मूळचे शल्यविशारद, आयुष्य जंगलं पाहण्यात गेलेलं. पुस्तकात मुलांना वर्गाबाहेर नेण्याची कळकळ आहे, आणि पंचवीस गुण बाहेरच्या कामाला ठेवणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण अभ्यासक्रमाची भाषा बघा. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, शब्दांशीच आमचं भांडण. प्रदूषणाच्या घटकाचं शीर्षक असं, की हवा, पाणी, माती, समुद्र, आवाज, उष्णता या साऱ्यांच्या प्रदूषणाची कारणं, परिणाम आणि नियंत्रणाचे उपाय. म्हणजे वहीतले रकाने इथूनच आले. सामाजिक प्रश्नांच्या घटकाला तासिका सात. त्या सातांत शाश्वत विकास, पाणलोट, विस्थापितांचं पुनर्वसन, हवामानबदल, अर्धा डझन कायदे, आणि शिवाय पर्यावरणाचं नीतिशास्त्र. तेही कसं? ‘प्रश्न आणि संभाव्य उपाय’ अशी पुरवणी जोडून. आम्ही पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. त्याला ‘संभाव्य उपाय’ असतात हे आम्हाला निवृत्तीच्या तोंडाशी कळलं!

रोग, कारण, उपाय ही मांडणी आपल्याकडे जुनी आहे, आणि ती वैद्यकाची आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चिकित्साशास्त्राचे चार भाग सांगितलेत. रोग, रोगाचं कारण, आरोग्य आणि औषध. मग दुःखाच्या विचारालाही तेच चार भाग लावून दाखवलेत. बुद्धाच्या चार आर्यसत्यांचा घाटही तोच. मांडणी भक्कम आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रोगी एक आहे. ज्याला दुखतंय, ज्याचं कारण शोधायचं आणि ज्याला औषध द्यायचं, तो एकच माणूस. गावातलं पाणी असं नसतं. तिथं एकाचं औषध तोच दुसऱ्याचा रोग असू शकतो. हे आम्हाला ग्रंथांतून कळलं नाही. कळायला हवं होतं तेव्हा समोर येऊनही कळलं नाही, ती गोष्ट आता सांगतो.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. तत्त्वज्ञान घेणारी मुलं कमी झालेली, कार्यभार भरेना, म्हणून पर्यावरणाचा पेपर आमच्या गळ्यात पडला. हे तेव्हा सगळीकडेच चालायचं. ज्याच्याकडे तास कमी, त्याच्याकडे पर्यावरण. त्याच नात्यानं एका दुष्काळी तालुक्यातल्या महाविद्यालयात आम्ही प्रकल्प तपासायला गेलो. दिवसात ऐंशी-नव्वद वह्या. त्यांत एस. वाय. बी. ए.ला असलेल्या एका मुलीची वही होती. चित्र नाही, रंग नाही, साधी दोनशेपानी वही. विषय होता आमच्या गावातली शेततळी.

तिनं गावातली प्लास्टिक अंथरलेली नऊ तळी मोजली होती. प्रत्येक तळ्याच्या मालकाला विचारलं होतं की हे भरतं कशानं. दोन तळी ओढ्याच्या पाण्यानं भरत होती, सात विहिरीच्या आणि बोअरच्या. दुसऱ्या तक्त्यात तिच्या घरच्या विहिरीचं पाणी. हाता-हातावर गाठी मारलेला दोर दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी विहिरीत सोडून तिनं नोंदी केल्या होत्या. कुठल्या आठवड्यात पाणी भराभर खाली गेलं आणि त्या आठवड्यात कुठलं तळं भरणं चालू होतं, हे शेजारीशेजारी लिहिलं होतं. शेवटच्या पानावर ‘उपाय’ असं शीर्षक, खाली रेघ, आणि पुढे कोरं.

आम्ही विचारलं, “उपाय का नाही लिहिले?”

ती म्हणाली, “सर, दोन तळी माझ्या चुलत्यांचीच आहेत.”

आम्ही हसलो. वाटलं, पोरगी सबब सांगतेय. लाल शाईनं लिहिलं, ‘उपाय लिहिलेले नाहीत, निष्कर्ष अपूर्ण.’ पंचवीसपैकी बारा. पुढची वही ‘प्लास्टिकमुक्त गाव’ अशी होती, दहा उपाय, सुरेख अक्षर. तिला एकवीस.

दुपारच्या चहाला आम्ही ती वही विसरलो. आठवण झाली ती २०१६ मध्ये, सरकारच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेची जाहिरात वाचताना. मग जरा वाचन केलं, जाणत्या माणसांना विचारलं. शेततळ्याची मूळ कल्पना अगदी साधी आहे. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी खड्ड्यात अडवायचं, पावसानं ओढ दिली की पिकाला एखादं पाणी द्यायचं. पण डाळिंबाला, द्राक्षाला पाणी लागतं ऐन उन्हाळ्यात. तोवर विहीर टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून अनेक ठिकाणी लोक हिवाळ्यातच विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवून ठेवू लागले. आता यात काय घडतं? पाणी खडकाखाली होतं तोवर त्याला ऊन लागत नव्हतं, आणि ते चार विहिरींचं मिळून होतं. वर आलं तसं ऊनही लागलं आणि मालकीही लागली. खाली प्लास्टिक असल्यामुळे ते जमिनीत मुरतही नाही. आपला काळा पाषाण काही पाण्याची टाकी नव्हे. भेगांत, मुरमाड थरांत मावेल तेवढंच पाणी, आणि ते सगळ्यांच्या बांधाखालून फिरणारं. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपली समजूत अशी, की ज्याची जमीन त्याच्या खालचं पाणी त्याचं.

तळं खोदणारा शेतकरी काही चोर नव्हे. कर्ज काढून बाग लावलेली, ती एका उन्हाळ्यात जळाली तर पाच-सहा वर्षांची मेहनत गेली. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तळंच खोदलं असतं. प्रत्येकानं आपापलं गणित बरोबर सोडवलं आणि शेजारची विहीर माघात आटली. त्या मुलीला हे दिसत होतं. उपायाच्या रकान्यात ती काय लिहिणार होती? ‘विहिरीच्या पाण्यानं तळी भरू नयेत’ असं लिहून संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसणार होती? कोरा ठेवलेला रकाना हीच त्या वहीतली सगळ्यांत विचारपूर्वक लिहिलेली ओळ होती, आणि आम्ही तिचे गुण कापले.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. नियोजनाच्या क्षेत्रात तो आजही चर्चेत असतो. ते म्हणतात, प्रश्नांच्या दोन जाती. काही गरीब गाईसारखे, बांधाल तिथं उभे राहणारे. गणिताचे, बुद्धिबळाचे. दुसरे द्वाड. द्वाड प्रश्नाची पक्की व्याख्याच करता येत नाही, कारण तो कसा मांडायचा इथंच माणसं भांडतात. तो संपला असं कुठल्या टप्प्यावर म्हणायचं, याचा नियम नाही. उत्तर खरं-खोटं नसतं, बरं-वाईट असतं, आणि तेही कुणासाठी बरं हे विचारावं लागतं. शिवाय इथं तालीम नसते. धरण बांधून पाहू, नाही जमलं तर परत नदी करू, असं होत नाही.

ही कल्पना आता भलतीच लोकप्रिय झालीये. शाश्वततेवरची कार्यशाळा म्हटली की भिंतभर कागद, रंगीत चिठ्ठ्या आणि बाणच बाण. सगळ्याचा सगळ्याशी संबंध. आम्हाला यातही एक पळवाट दिसते. पूर्वीचा मुलगा दहा उपाय लिहून मोकळा व्हायचा, आताचा ‘प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ असं लिहून मोकळा होतो. त्या भिंतभर बाणांमध्ये गाठी मारलेला दोर कुठेच नसतो. विहिरीत पाणी किती हात आहे, हा प्रश्न द्वाड नाही. तो मोजता येतो, मोजायलाच हवा. ज्यानं मोजलं नाही त्यानं गुंतागुंतीच्या गप्पा मारू नयेत, असं आमचं जरा कडक मत आहे.

मग शिकवायचं काय? इथं जॉन ड्यूईची मदत होते. ड्यूईनं १९१० च्या आपल्या पुस्तकात विचाराच्या पायऱ्या सांगितल्या. पहिली, काहीतरी बोचतंय ही जाणीव. दुसरी, ते नेमकं कुठे बोचतंय ते शोधणं आणि त्याला नाव देणं. उपाय सुचणं ही त्यानंतरची पायरी. आपला साचा पहिल्या दोन पायऱ्या मुलांना चढूच देत नाही. प्रश्न छापील मिळतो. ‘पाणीटंचाई’ हे नाव आधीच दिलेलं असतं.

आता नाव देण्यानं काय फरक पडतो ते पाहा. ड्यूईचे कोलंबिया विद्यापीठातले एक विद्यार्थी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळ्यात पाणी होतं. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठरावही १९२४ पासून होता. आपल्या प्रकल्पवहीतल्या कारणांच्या यादीत कमी पाऊस, जंगलतोड, लोकसंख्यावाढ यांतलं एकही कारण तिथं लागू पडलं नसतं. तरी हजारो माणसांना त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी अडचणीला तिचं खरं नाव दिलं. पुढे खटला चालला, उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. महाड इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते बरंच आहे. पण पाण्याच्या धड्यात ते का नसावं? गावात हातपंप कुठल्या वस्तीत आहे आणि टँकर आधी कुठल्या आळीत थांबतो, हे मोजणं पर्यावरणाच्या अभ्यासात बसत नाही, असं कुणी ठरवलं?

दुसरं उदाहरण पुरंदर तालुक्यातलं. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात ते या भागात फिरले. अभियंता म्हणून त्यांनी जे करायचं ते केलं. नायगावला देवस्थानची माळरान जमीन भाड्यानं घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, पाणी साठलं. वहीच्या हिशेबात इथं प्रश्न सुटला. पण साळुंख्यांचं खरं काम यापुढे सुरू होतं. साठलेलं पाणी कुणाचं? त्यांच्या पाणी पंचायतीनं काही नियम केले. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, दर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही. या नियमांत सिमेंट कुठेच नाही. प्रत्येक नियमामागे एक युक्तिवाद आहे, आणि प्रत्येक नियमानं कुणाचा तरी तोटा होतो, बहुधा जास्त जमीनवाल्याचा. तो तोटा त्याच्या तोंडावर सांगून, त्याच्याशी बोलून, त्याला पटवून मग पाइप टाकायचे.

पाणी पंचायतीचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही योजना चालल्या, काही बंद पडल्या. माणशी पाणी हे तत्त्व राज्याचं तत्त्व काही झालं नाही. म्हणून आम्ही तिला ‘उत्तर’ म्हणत नाही. पण वर्गात नेण्यासाठी याहून चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही. मुलांना ते नियम द्या आणि विचारा की यातला कुठला तुमच्या गावात पहिल्यांदा मोडेल? कोण मोडेल? त्याची बाजू तुम्ही मांडा. ज्याचं घर उसावर चालतं त्या मुलालाच भूमिहीनाची बाजू मांडायला द्या, आणि उलट. तासभर भांडण होईल. होऊ द्या.

एक अडचण मात्र उरते, आणि ती आम्हाला अजून पुरती सुटलेली नाही. (पाहा, आम्हीही ‘सुटलेली’च म्हणालो!) रिटेल आणि वेबर म्हणतात की नियोजन करणाऱ्याला चुकायचा हक्क नाही, कारण चुकीची किंमत दुसरी माणसं भरतात. आणि शिक्षक या नात्यानं आम्ही म्हणतो की चुकायचा हक्क नसेल तर विद्यार्थी शिकणार कसा? प्रयोगशाळेत नळी फुटली तर महाविद्यालय दुसरी आणतं. गावात मुलांनी चुकीच्या जागी बंधारा घातला तर ज्याचं शेत वाहून जाईल तो कुठे जाणार? मुलांना ‘समस्या सोडवायला’ गावात सोडणाऱ्या शिबिरांबद्दल आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. तीन दिवसांत उपाय सुचवायचे, चौथ्या दिवशी बसनं परत. अहवाल इंग्रजीत, आणि तो महाविद्यालयाच्या कपाटात, मूल्यांकन समितीला दाखवायला. ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना आकडे कधीच कळत नाहीत.

आम्हाला वाटतं, चुकायची मोकळीक मोजण्यात आणि समजण्यात द्यावी. अंमल करण्यात देऊ नये. विद्यार्थ्यानं मोजावं, विचारावं, लिहावं, आणि लिहिलेलं गावात मराठीत वाचून दाखवावं. तिथं बसलेली एखादी आजी म्हणेल, “पोरी, ती विहीर नाही, तो आड आहे, आणि त्याचं पाणी वेगळ्या झऱ्याचं.” झाली चूक दुरुस्त, कुणाचं शेत वाहून गेलं नाही. डॉ. माधव गाडगीळांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांसाठी महाविद्यालयातल्या मुलांना आणि शिक्षकांना गावागावांत पाठवलं, त्यामागे हाच विचार होता. माहिती ज्यांची आहे त्यांच्याबरोबर बसून लिहायची. २००२ च्या जैवविविधता कायद्यात त्या नोंदवहीला जागा मिळाली. पुढे पुष्कळ ठिकाणी तीही तयार साच्यात भरली जाऊ लागली, ही आपली जुनीच खोड.

आणि वाचून दाखवायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीनं ग्रामसभेत उभं राहून चुलत्याच्या तळ्याचे आकडे वाचावेत, असं आम्ही इथं बसून खुशाल म्हणू. निस्तरायचं तिला आहे. अशा वेळी शिक्षकानं तिच्या शेजारी उभं राहायला हवं. आकडे महाविद्यालयाच्या नावानं, सगळ्या तळ्यांचे एकत्र, कुणाचं नाव न घेता मांडता येतात. २००९ चा राज्याचा भूजल कायदा काय म्हणतो, ते तिच्याऐवजी शिक्षकाला सांगता येतं. पण त्यासाठी शिक्षकाला तो विषय यायला हवा. आमच्यासारखा कार्यभार भरायला आलेला माणूस तिथं काय उभा राहणार? २०२३ मध्ये आयोगानं नवा आराखडा आणला, श्रेयांकांची भाषा आली. हा विषय कोण शिकवतो, या प्रश्नाचं उत्तर मात्र बऱ्याच महाविद्यालयांत अजूनही वेळापत्रकातली रिकामी जागाच देते.

ती वही आज समोर आली तर आम्ही काय विचारू, याचा पुष्कळदा विचार करतो. दोर किती हातांचा होता? शिमग्यानंतर मोजणं का थांबवलं, पाणी संपलं की परीक्षा आली? ज्या दोन तळ्यांत ओढ्याचं पाणी येतं, त्या शेतकऱ्यांना ते कसं जमलं? चुलत्यांना विचारलं होतंस का, की बाग नसती तर तळं केलं असतंत का? ते काय म्हणाले? रागावले का? तिच्याकडे यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं असणार. तिनं न लिहिलेली निम्मी वही तिच्या डोक्यात होती, आणि आमच्याकडे दर वहीला चार मिनिटं होती.

असो. आता प्रश्न घेऊ. मागच्या वेळच्या त्या शिक्षिकाबाई आज आहेत ना? मग त्यांच्यापासूनच सुरुवात करू.